पेशींच्या पुड्या

"उगाच पुड्या सोडू नकोस," असं आपण घरातल्या पोरांना दिवसातून एकदा तरी सुनावतो. पुडी म्हणजे थाप. पण थापेच्या आधीची पुडी आठवते का? वाण्याच्या दुकानातली, रद्दीच्या कागदाची, दोऱ्यानं गुंडाळलेली. जिऱ्याची, हिंगाची, कुंकवाची. डोळसनाथाच्या देवळातून येताना पदराच्या टोकाला बांधून आणलेली अंगाऱ्याची. दिसायला सगळ्या सारख्याच, पण कोणी बांधली आणि आत काय घातलं, यावर तिची किंमत.

तर मैत्रिणींनो, आपल्या अंगातल्या पेशीसुद्धा अशा पुड्या बांधतात. बांधतात आणि शेजारच्या पेशीकडे पाठवतात. रक्तात, दुधात, लाळेत, लघवीत, सगळीकडे या पुड्या सापडतात. शास्त्रज्ञ त्यांना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणतात आणि त्यातल्या एका बारीक जातीला एक्सोसोम. आकार किती? मोहरीच्या एका दाण्याच्या रुंदीत अशा दहा हजार पुड्या एका ओळीत बसतील. एवढीशी ती पुडी, पण सध्या तिच्या नावावर मोठमोठे व्यवहार चाललेत.

हा विषय काढायला निमित्त झालं आमच्या शेजारच्या वहिनींच्या पर्समधल्या एका चकचकीत कागदाचं. वहिनींचे गुडघे गेली काही वर्षं दुखतात. तळेगाव स्टेशनचा जिना चढायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो. कोणीतरी त्यांना शहरातल्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथून हा कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'एक्सोसोम थेरपी, शरीरातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस धुऊन काढणारं आधुनिक इंजेक्शन. गुडघे, केस, चेहऱ्याचं तेज, सगळ्यावर उपयोगी.' रक्कम अशी की, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागली असती. मी ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, म्हणून त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "तुम्हाला कळतं ना यातलं? मग सांगा, घेऊ की नको?"

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण वहिनी हिशेबाच्या पक्क्या, त्यांना कारण लागतं. म्हणून चहा टाकला आणि सुरुवातीपासून सांगायला बसले. तेच इथे सांगते.

आधी हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस काय ते बघू. किसलेलं खोबरं डब्यात महिनाभर राहिलं की खवट होतं. तेलाचं तेच, शेंगदाण्याचंही तेच. हवेतल्या ऑक्सिजननं त्यातल्या स्निग्ध पदार्थाची मोडतोड केलेली असते. आपल्या प्रत्येक पेशीभोवती जे आवरण असतं ते स्निग्ध पदार्थाचंच. आणि ऑक्सिजनशिवाय तर आपलं चालत नाही. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया नावाच्या भट्ट्या असतात, त्या अन्न जाळून शक्ती देतात. चुलीत लाकूड जळताना जशा ठिणग्या उडतात, तसे इथेही काही तडतडे रेणू बाहेर पडतात. हायड्रोजन पेरॉक्साईड त्यातलाच एक. होय, तोच. जखमेवर टाकल्यावर पांढरा फेस येतो ना, तो. आणि फेस का येतो? तर आपल्या पेशींकडे कॅटलेज नावाचं एक एन्झाईम असतं, ते पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फेस म्हणजे तो ऑक्सिजन. म्हणजे घरातच विझवायची सोय आहे.

ठिणग्या आणि विझवणं यांचं गणित जमलेलं असतं, तोवर काही बिघडत नाही. ठिणग्या वाढल्या किंवा विझवणारे थकले की पेशीचं आवरण, तिची प्रथिनं, तिचा डीएनए, सगळ्याला झळ लागते. १९८५ मध्ये हेल्मुट सीस या जर्मन शास्त्रज्ञानं या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव दिलं. चुलीचा धूर, तंबाखू, वाढलेली साखर, जंतूंचा संसर्ग, आणि नुसतं वयसुद्धा, या सगळ्यांनी हा ताण वाढतो. आपल्या मावळातल्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ दात घासायला म्हणून मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की. हिरड्यांच्या पेशी तिच्याशी रोज झुंजत असतात. इंजेक्शनाचा कागद बघायच्या आधी हा डबा बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

आता पुड्यांकडे येऊ. त्यांचा शोध लावणाऱ्यांत एक बाई आहेत, हे मला मुद्दाम सांगायचंय. रोझ जॉनस्टोन. जन्म पोलंडमधला, लहानपणीच कुटुंबाबरोबर कॅनडात आल्या. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या बाई. मेंढीच्या रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशी पिकताना काय होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. कोवळ्या पेशीला लोह आत घ्यायला एक दार असतं. पेशी पिकली की ते दार नाहीसं होतं. जातं कुठे? १९८३ मध्ये त्यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटानं दाखवलं की पेशी ते दार बारीक पुड्यांत भरून बाहेर टाकते. १९८७ मध्ये जॉनस्टोनबाईंनी त्या पुड्यांना एक्सोसोम हे नाव दिलं. तेव्हा बहुतेकांना वाटलं, हा पेशीचा केर आहे. केर बाहेर टाकला, संपलं. बरीच वर्षं फारसं कोणी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

केरात काय काय असतं हे ज्या बाईनं रोज केर काढलाय तिला विचारावं! २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी या पुड्या उघडून पाहिल्या, तर आत आरएनए निघाला. आरएनए म्हणजे पेशीच्या कामाची चिठ्ठी. काय बनवायचं, किती बनवायचं, काय थांबवायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. आणि एका पेशीची चिठ्ठी दुसऱ्या पेशीत गेल्यावर तिथे त्या चिठ्ठीबरहुकूम कामही होत होतं. तेव्हा कुठे केराची डाक झाली.

त्याच गटानं २०१० मध्ये जो प्रयोग केला, तो मला सगळ्यात आवडतो. त्यांनी उंदराच्या काही पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांना हायड्रोजन पेरॉक्साईडचा ताण दिला. ताणाखालच्या या पेशींनी ज्या पुड्या सोडल्या त्या गोळा केल्या. मग दुसऱ्या, ताण न सोसलेल्या पेशींना त्या पुड्या दिल्या. आणि त्यानंतर या दुसऱ्या पेशींवर पेरॉक्साईड टाकलं. काय व्हावं? पुड्या मिळालेल्या पेशी त्या माऱ्यात जास्त तगल्या. साध्या, निवांत पेशींच्या पुड्यांपेक्षा ताण सोसलेल्यांच्या पुड्यांतला आरएनएही वेगळा होता. म्हणजे जिच्यावर बेतलं तिनं शेजारणीला आधीच कळवलं, 'बाई गं, संकट येतंय, तयारीत रहा.' मग त्यांनी त्या पुड्यांवर अतिनील किरण सोडले. या किरणांनी आरएनए खराब होतो. तशा पुड्या दिल्यावर शेजारणीला काही फायदा झाला नाही. चिठ्ठी पुसली गेली होती, नुसता कागद पोचला होता.

हे वाचताना मला आमच्या गावातला पैसा फंडाचा काच कारखाना आठवला. एकेका माणसाकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावात तो उभा राहिला, लोकमान्यांचा त्याला पाठिंबा होता. तिथे भट्टीसमोर बसून जी माणसं शिकली त्यांनी पुढे इतर ठिकाणी जाऊन काचकाम उभं केलं. आगीजवळ बसलेल्याचं शिक्षण दुसऱ्या गावाला कामी आलं. उपमा थोडी ताणलेली आहे हे कबूल, पण तळेगावकराला ती सुचणारच.

वहिनी इथे म्हणाल्या, "मग चांगलंच आहे की. अशा पुड्या टोचून घेतल्या तर माझ्या गुडघ्याला शहाणपण येईल."

थांबा वहिनी, अजून अर्धीच गोष्ट झालीय. उरलेली अर्धी आपल्या पुण्यातली आहे. तळेगावाहून लोकलनं शिवाजीनगरला उतरावं आणि रिक्षानं गणेशखिंडीला जावं, एवढ्या अंतरावरची. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस म्हणतात त्याला. तिथे डॉ. वैजयंती काळे, डॉ. ललिता लिमये आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम २०१८ मध्ये 'स्टेम सेल्स' या नियतकालिकात आलं. विषय होता अस्थिमज्जेचा, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाचा. रक्त तिथेच तयार होतं. रक्ताच्या कर्करोगात किंवा इतर काही आजारांत दुसऱ्याचा मगज द्यावा लागतो. पण देणारा वयस्कर असेल तर त्याच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी नव्या अंगात नीट रुजत नाहीत. घरात देणारं माणूस असूनही कधी कधी हे वय आडवं येतं.

या मूळ पेशी मगजात एकट्या नसतात. त्यांना सांभाळणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, आपण त्यांना दाया म्हणू. पुण्याच्या या गटानं उंदरांच्या म्हाताऱ्या मूळ पेशी थोडा वेळ तरुण दायांच्या सहवासात ठेवल्या. तेवढ्यानं त्या म्हाताऱ्या पेशी पुन्हा तरतरीत झाल्या आणि रुजायला लागल्या. हे घडलं पुड्यांमुळे. तरुण दायांच्या पुड्यांत पेशीच्या आतल्या साफसफाईच्या चिठ्ठ्या होत्या. पेशी स्वतःचे मोडके भाग, बिघडलेल्या भट्ट्यासुद्धा, तोडून त्यातलं चांगलं पुन्हा वापरते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात. मोडक्या भट्ट्या तशाच राहिल्या तर ठिणग्या वाढतात, म्हणून ही साफसफाई ताणाच्या हिशेबात फार मोलाची.

आणि म्हाताऱ्या दायांच्या पुड्या? त्यात साफसफाईच्या चिठ्ठ्या कमी. शिवाय दोन बारीक आरएनए असे की, जिथे जातील तिथे साफसफाई बंद पाडतील. म्हणजे म्हातारपण नुसतं अंगी येत नाही, ते शेजारणीकडून पुडीतूनही येतं! पण यातली खरी मजा पुढे आहे. दाया म्हाताऱ्या होतात तसा त्यांच्यात एक्ट नावाचा एक संदेश वाढतो. तो औषधानं दाबला, तर त्याच म्हाताऱ्या दाया चांगल्या पुड्या बांधायला लागल्या. इतक्या चांगल्या की तरुणींच्या पुड्यांहून सरस. हे वाचून मी, साठी ओलांडलेली बाई, एकटीच हसले.

आता वहिनींच्या लक्षात आलं. पुडी कोणाकडून आली, तिच्यावर त्या वेळी काय बेतलेलं होतं, तिला किती ताण होता, यावर पुडीतलं सगळं ठरतं. थोडा ताण सोसलेली पेशी शहाणपण पाठवते. थकलेली, बिघडलेली पेशी बिघाड पाठवते. मग कागदावरच्या त्या इंजेक्शनातल्या पुड्या कोणी बांधल्या?

मी वहिनींना चार प्रश्न लिहून दिले. या पुड्या कुठल्या पेशींपासून काढल्या? आत काय आहे ते प्रत्येक बाटलीमागे तपासता का? गुडघ्यासाठी हे औषध म्हणून वापरायला सरकारची मान्यता आहे का, असेल तर कागद दाखवा. आणि त्रास झाला तर जबाबदारी कोणाची? वहिनींनी फोन केला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की हे नॅचरल आहे, त्यामुळे साईड इफेक्ट नाही, आणि या आठवड्यात सूट आहे. बाकी तीन प्रश्नांना उत्तर नाही. अशी पुडी सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

'नॅचरल'चं म्हणाल तर अमेरिकेत काय झालं ते बघा. नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून विकलेली, मान्यता नसलेली उत्पादनं काही रुग्णांना दिली गेली आणि त्यांना गंभीर त्रास झाला. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या एफडीएनं जाहीर सूचना काढली की एक्सोसोमच्या एकाही उत्पादनाला आम्ही मान्यता दिलेली नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेतलं काम खरं आहे, मोलाचं आहे. पण ते उंदरांवरचं आहे, आणि तिथे प्रत्येक पुडी कुठल्या पेशीची, हे माहीत होतं. त्या कामाचं नाव घेऊन उद्या कोणी गुडघ्यात सुई घालायला निघालं तर तो त्या शास्त्रज्ञ बायकांचाही अपमान आहे.

एफडी राहिली. वहिनी आता फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले मांडीचे व्यायाम करतात. कुरकुरत करतात, पण करतात.

व्यायामाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. व्यायामानं अंगातला हा ताण थोडा वेळ वाढतो. श्वास वाढला, भट्ट्या पेटल्या, ठिणग्या उडणारच. म्हणून काही जणी फिरून आल्या की 'अँटिऑक्सिडंट'ची गोळी घेतात. जर्मनीत २००९ मध्ये एक प्रयोग झाला. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना सोबत रोज सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, काहींना नाही. गोळ्या न घेतलेल्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद द्यायला लागलं. गोळ्या घेणाऱ्यांना तो फायदा मिळालाच नाही! ठिणगी लगेच विझवली, तर शरीराला शिकायला काय उरलं? आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की तासभर सायकल चालवल्यावर रक्तातल्या पुड्या वाढतात, त्यात शेकडो प्रथिनं असतात. तेव्हा घोरावडेश्वराचा डोंगर चढून धापा टाकत वर पोचता, तेव्हा अंगातली डाक जोरात सुरू असते. पुड्या घरच्या, बांधणारी माहितीतली, आणि फुकट. आवळा, पेरू, पालेभाजी खायला कोणाचीच ना नाही, मी बोलतेय ते बाटलीतल्या गोळ्यांबद्दल.

आता शेवटची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जवळची. माझी भाची तळेगावातच असते, तिला तिसावा आठवडा चालू आहे. मागच्या तपासणीत बी.पी. थोडं वर निघालं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर बी.पी. १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि लघवीत प्रथिनं दिसली तर डॉक्टर प्री-एक्लाम्पसिया म्हणतात. आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळणारा आजार. त्यातही या पुड्यांचा हात आहे. वार, म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून अन्न पोचवणारा अवयव, गरोदरपणात आईच्या रक्तात सतत पुड्या सोडत असतो. ते नेहमीचंच. पण वारेला रक्त नीट मिळालं नाही की तिच्यावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस येतो. मग पुड्या वाढतात आणि आतला मजकूरही बदलतो. त्या आईच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात, असं इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या आणि इतरही संशोधकांना दिसलं आहे. वारेचं दुखणं आईच्या अंगभर पसरतं.

मग साहजिक विचार येतो की ताण ऑक्सिजनचा आहे तर सी आणि ई जीवनसत्त्वं भरपूर द्यावीत. डॉक्टरांनाही तेच वाटलं होतं. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे २४०० गरोदर बायकांवर ही चाचणी झाली. आजार टळला नाही, उलट गोळ्या घेणाऱ्यांत कमी वजनाची बाळं जास्त निघाली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममध्ये तेच करून पाहिलं. तिथेही आजार टळला नाही. भाचीच्या एका मैत्रिणीनं तिला अशाच 'ताकदीच्या' गोळ्यांचा डबा आणून दिला होता, तो मी काढून ठेवलाय.

उपयोग कशाचा होतो? कॅल्शियमचा. ज्यांच्या आहारात ते कमी असतं त्यांच्यात हा धोका त्यानं कमी होतो. आपल्या सरकारनं २०१४ मध्ये ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे १४ व्या आठवड्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या. लोहाच्या गोळीबरोबर एकदम घ्यायच्या नाहीत, मध्ये अंतर ठेवायचं, नाहीतर लोह अंगी लागत नाही. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात, आशाताई घरीही आणून देतात. ज्यांना धोका जास्त, त्यांना डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करतात. पण ती त्यांच्याच सांगण्यावरून, आपल्या मनानं नव्हे.

आणि सासूबाई, आई, जाऊबाई, घरातल्या सगळ्यांनीच लक्षात ठेवायचं ते असं. डोकं ठणकून न थांबणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम येणं, बरगडीखाली पोटाच्या वरच्या बाजूला दुखणं, तोंडावर-हातांवर एकदम सूज येणं. यातलं काहीही झालं तर 'पित्त असेल' म्हणून लिंबू-पाणी देत बसायचं नाही, त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं.

भाचीची लघवीची तपासणी स्वच्छ आली आहे. कॅल्शियम ती नीट घेते, मिठाच्या पापडावर मात्र तिचा जीव. येत्या गुरुवारी पुन्हा बी.पी. मोजायचंय. तिच्या सासूबाईंच्या पायाला लागलंय, म्हणून सोबत मी जाणार आहे.